दाताचं फिलिंग ओलं असताना जुळतं, वाळलं की पांढरं दिसतं: शेड बदलण्याआधी पॉलिश तपासा

पुढच्या दातात कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग मटेरियल) भरलं, खुर्चीवर अगदी मिळून आलं, पेशंटने आरशात बघून मान डोलावली. चार दिवसांनी तोच माणूस मोबाईलवरचा फोटो घेऊन दारात उभा. "डॉक्टर, दाताला चुना लागल्यासारखं दिसतंय की ओ." पुढच्या दातांचं काम करणाऱ्या कुणालाही ही तक्रार नवीन नाही. सोलापुरात प्रॅक्टिस सुरू केल्यावर बरीच वर्षं या तक्रारीवर माझ्याकडे एकच उत्तर होतं: शेड (मटेरियलची रंगछटा) चुकली. मग भरलेलं काढायचं, एक नंबर गडद मटेरियल घ्यायचं आणि पुन्हा भरायचं. दुसऱ्यांदा भरलेलं कधी जुळायचं, कधी नाही. प्रत्येक वेळी काढताना मात्र बरखाली (दात कोरायच्या फिरत्या टोकाखाली) थोडं निरोगी एनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) जायचंच, आणि एनॅमल पुन्हा तयार होत नाही. असे काही दात मी विनाकारण झिजवले, ते अजून टोचतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. वाचणारे डेंटिस्ट असतील तर उत्तमच. पण ज्यांच्या दातात असं फिलिंग आहे आणि जे ते बदलून घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनीही वाचावं.

मला वाट दाखवली ती एका पेशंटने. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका डाय हाऊसमध्ये (सूत-कापड रंगवायच्या कारखान्यात) शेड बघणारे ते गृहस्थ. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आयुष्यभर सुताची गाठ दाताने तोडायची सवय. त्यामुळे वरच्या मधल्या दाताला आधी खाच पडली आणि मग एक दिवस कोपराच उडाला. मी तो कोपरा कॉम्पोझिटने बांधून दिला. आठवड्याने ते आले, दात पांढुरका दिसतोय म्हणाले, आणि मी सवयीने शेड गाईड (रंगछटांच्या नमुन्यांचा संच) उघडलं. मास्तरांनी आरसा मागितला. रुमालाने दात कोरडा पुसला, खिडकीपाशी जाऊन पाहिला. मग दातावरून जीभ फिरवली आणि पुन्हा पाहिला. म्हणाले, "रंगात फरक असता तर ओल्यातही दिसला असता आणि वाळल्यावरही. हा फक्त वाळल्यावर दिसतोय. रंग बरोबर आहे डॉक्टर, फिनिशिंग बघा."

त्यांच्याकडे ओल्या कापडावर शेड पास करत नाहीत. नमुना इस्त्रीखाली वाळवायचा आणि मगच मूळ नमुन्याशेजारी धरायचा, कारण ओलं कापड नेहमी गडद दिसतं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी तोवर रोज बघूनही पाहिली नव्हती. एकाच लॉटमध्ये रंगवलेलं सूत टॉवेलच्या लूपमध्ये फिकट दिसतं, आणि तेच लूप कापून मखमलीसारखे केले की रंग खोल दिसू लागतो. सुतातला रंग तसूभरही बदललेला नसतो. बदलते ती फक्त उजेडाला सामोरी जाणारी बाजू.

मी गडद ट्यूब जागेवर ठेवली आणि पॉलिशच्या डिस्क काढल्या. वीस मिनिटांनी तो दात कोरडा पुसूनही शेजारच्या दाताशी मिळाला. नवं मटेरियल कणभरही लागलं नाही.

पांढरेपणा येतो कुठून

आपल्याकडे घरोघरी शहाबादी फरशी आहे. एप्रिलच्या दुपारी अंगणातल्या फरशीवर पाणी मारा: राखाडी, भुरकट दगड क्षणात काळसर निळा होतो, आणि वाळला की पुन्हा भुरकट. तीच फरशी मशीनखाली घासून पॉलिश केली तर कोरडी असतानाही ओल्यासारखी गडद दिसते. कॉम्पोझिटचं नेमकं हेच होतं.

फिलिंगकडे बघताना आपल्या डोळ्यात दोन प्रकारचा उजेड येतो. एक मटेरियलच्या आत शिरतो, त्याचा रंग घेऊन बाहेर पडतो. दुसरा वरच्या वरच परततो. त्याला मटेरियलचा रंग नसतो, तो दिव्याचाच पांढरा असतो. कॉम्पोझिटचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो ते सांगणारा आकडा) साधारण १.५ धरला आणि हवेचा १, तर समोरून पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के असा वरच्या वर परततो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर हे ४ टक्के एकाच दिशेने जातात. आपल्याला ते एका जागी चकाकणाऱ्या ठिपक्यासारखे दिसतात आणि बाकीच्या भागात मटेरियलचा खरा रंग दिसतो. पृष्ठभाग ओरखड्यांचा असेल तर तेच ४ टक्के सगळ्या दिशांना उधळतात. मग कुठूनही बघा, रंगावर पांढऱ्या उजेडाचा पातळ पडदा असतोच. रंग फिकट वाटतो, त्यातला पिवळा-तांबूस अंश विरल्यासारखा होतो आणि दात अपारदर्शक, खडूसारखा दिसतो.

पाण्याने हे का झाकलं जातं? पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, म्हणजे हवेपेक्षा कॉम्पोझिटच्या बराच जवळ. ओरखड्यांमध्ये पाणी बसलं की त्या सीमेवरून परतणारा उजेड अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो आणि पाण्याची वरची बाजू आपोआप सपाट असते. पडदा बाजूला होतो, खरा रंग दिसतो. थुंकीने भिजलेला दात खुर्चीवर म्हणूनच फसवतो. घरी माणूस बोलतो, हसतो, उन्हात चालताना तोंडाने श्वास घेतो. वरचे पुढचे दात पहिल्यांदा वाळतात आणि फोटो नेमका हसतानाचा असतो. चूळ भरून आरशात बघितलं की काहीच दिसत नाही, फोटोत मात्र दिसतं. पेशंट उगाच किरकिर करत नसतो. दोन्ही वेळेला त्याला खरंच वेगळं दिसलेलं असतं.

एक निरीक्षण: गडद शेडमध्ये हा दोष जास्त डोळ्यावर येतो. ए१ या फिकट शेडच्या दातावर पांढरा पडदा चढला तरी फारसं कळत नाही. ए३.५ या गडद शेडवर तोच पडदा लांबून दिसतो. पन्नाशीच्या पुढच्या पेशंटच्या दातांना म्हणून पॉलिशला जास्त वेळ द्यावा लागतो. मी पूर्वी उलटं करत होतो: तरुण मुलीचा दात असेल तर अर्धा तास घासायचो, आजोबांचा असेल तर पाच मिनिटांत सोडायचो.

बर हातात घेण्याआधीची तपासणी

आधी दात प्युमिस (बारीक दगडी भुकटी) आणि मऊ ब्रशने स्वच्छ करायचा. वर साचलेला थर किंवा चहाचा डाग तसाच ठेवून केलेल्या तपासणीला अर्थ नाही. मग दात कापसाने आणि हलक्या हवेने दहा-पंधरा सेकंद कोरडा करायचा आणि बघायचं. त्यानंतर पाण्याचा थेंब किंवा त्याहून बरं म्हणजे ग्लिसरीन लावून बघायचं. पाणी ओघळून जातं, ग्लिसरीन टिकतं आणि निवांत बघता येतं. खुर्चीचा दिवा बंद ठेवा. खिडकीचा उजेड पुरतो. त्या पिवळ्या झोतात मला कधीही काही नीट कळलेलं नाही.

इथे एक अडचण आधी सांगून ठेवतो. थ्री-वे सिरिंजच्या (हवा-पाणी मारायच्या नळीच्या) हवेबरोबर कॉम्प्रेसरमधलं पाणी किंवा तेलाचा अंश येत असेल तर तुम्ही वाळवलेला दात वाळलेलाच नसतो. स्वच्छ आरशावर हवेचा फवारा मारून बघा. आरशावर धूसर डाग उमटला तर आधी लाईन दुरुस्त करा. नाहीतर ही चाचणीही खोटी ठरते आणि बाँडिंगही (फिलिंग दाताला चिकटवणारा थर) फसतं.

आता काय दिसलं ते बघू.

ओल्यात जुळतं, कोरड्यात फिलिंग पांढरं दिसतं. पृष्ठभाग खडबडीत आहे. शेडला हात लावू नका, पॉलिश करा. खात्री हवी असेल तर पेशंटला जीभ फिरवायला सांगा. साधारण ०.३ मायक्रोमीटरपर्यंतचा खडबडीतपणा जिभेला कळतो, इतकी ती संवेदनशील असते. शेजारच्या दातापेक्षा हा खरखरीत लागतो असं ती सांगेलच.

ओल्यातही जुळत नाही आणि कोरड्यातही नाही. इथे शेड, जाडी किंवा पारदर्शकता खरोखर चुकली आहे. कोपरा बांधताना मागून अपारदर्शक थर दिला नाही तर तोंडातला अंधार आरपार दिसतो आणि फिलिंग करडं वाटतं. पॉलिशने ते सुधारत नाही.

भरलं त्या दिवशी ओल्या-कोरड्या दोन्हींत जुळलं, दुसऱ्या दिवशी मात्र फिलिंग पांढरं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. एनॅमलसुद्धा वाळलं की पांढरं होतं. त्याच्या स्फटिकांमधल्या बारीक फटींत पाणी असतं. ते उडालं की तिथे हवा शिरते आणि उजेड आतल्या आत विखुरतो. तोंड उघडं ठेवून, सक्शन लावून, रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) बांधून काही मिनिटं गेली की दात फिकट दिसू लागतो. सोलापूरच्या मे महिन्यात, पंख्याखाली, हे भराभर होतं. अशा वाळलेल्या दाताशी शेड जुळवली तर ती शेड मुळातच जास्त पांढरी निवडली जाते. दात मग थुंकीतून पाणी पिऊन पुन्हा आपल्या रंगावर येतो. त्याला काही तास, कधी एक पूर्ण दिवस लागतो. फिलिंग तिथेच राहतं. बघणाऱ्याला वाटतं फिलिंगचा रंग उडाला, पण खरं तर दात मूळ रंगावर आलेला असतो.

हे आणि खडबडीतपणा यांत फरक करायची खूण सोपी आहे. खडबडीतपणा पाण्याच्या थेंबाने लगेच झाकला जातो. वाळलेल्या दातावरून निवडलेली शेड थेंबाने झाकली जात नाही. म्हणून शेड बघायची ती पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या, दात ओला असताना, भूल देण्याच्या आणि कापूस ठेवण्याच्या आधी. मास्तरांच्या नियमाच्या हे उलट आहे, आणि त्यांना ते पटलंही: कापड वापरलं जातं कोरडं, म्हणून ते कोरड्यावर जुळवायचं, दात जगतो ओला, म्हणून शेड ओल्यावर घ्यायची. पण काम संपल्यावर पॉलिश मात्र दोन्ही स्थितींत तपासायचं.

शेड गाईडबद्दल दोन वाक्यं. ए१ ते डी४ अशा १६ पट्ट्यांचं जे गाईड आपण वापरतो त्याच्या पट्ट्या पोर्सिलेनच्या असतात, चकचकीत असतात. आपलं कॉम्पोझिट तसं नसतं. त्याच ट्यूबमधला मोहरीएवढा गोळा दातावर ठेवून, मटेरियल घट्ट करणारा लाईट मारून, मग बघावं. लाईट मारायच्या आधी बघून उपयोग नाही: घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारा त्यातला कॅम्फरक्विनोन पिवळा असतो आणि क्युअर झाल्यावर (लाईटने घट्ट झाल्यावर) त्याचा पिवळेपणा उतरतो. गोळा बाँडिंग न लावता ठेवला की नंतर नखानेही निघतो.

पॉलिश का उतरतं, किंवा मुळात का चढत नाही

डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर आहे. ओरखडे त्याहून बरेच लहान झाले की उजेडाच्या हिशेबी तो पृष्ठभाग सपाट असतो. ओरखडे त्याच्या आसपास किंवा मोठे असतील तर पडदा राहतो. सगळी पॉलिशिंगची धडपड एवढ्याचसाठी आहे.

दुसरा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे: सरासरी खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की जिवाणूंचा थर जास्त साचतो, असं १९९७ पासून संशोधनात मानलं जातं. म्हणजे पॉलिशचा संबंध दिसण्यापुरता नाही. जे फिलिंग फिकट दिसतं तेच पुढे डागाळतं आणि त्याच्याच कडेला हिरडी लाल होते.

आता चुका. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पायरी गाळणं. पिवळ्या पट्टीच्या बारीक डायमंड बरने आकार दिला आणि थेट रबर कप लावला की दोन मिनिटांत चमक येते. ती चमक ओरखड्यांच्या माथ्यावरची असते. दऱ्या तशाच राहतात. त्यांत पॉलिशिंग पेस्टचा चिकटपणा आणि भुकटी भरलेली असते, ती दोन-चार दिवस घासण्याने निघून जाते आणि माणूस फोटो घेऊन येतो. अॅल्युमिनियम ऑक्साईडच्या डिस्क जाड, मध्यम, बारीक, अतिबारीक अशा चार असतात. प्रत्येकीचं काम आधीच्या डिस्कचे ओरखडे संपवणं एवढंच आहे. मधली गाळली तर शेवटचीने ते संपत नाहीत, ती तास न् तास फिरवली तरी.

दुसरी चूक, डिस्क बदलताना दात न धुणं. आधीच्या डिस्कचा सुटा कण पुढच्या डिस्कखाली अडकला की नवा खोल ओरखडा तयार. प्रत्येक पायरीनंतर पाणी, मग कोरडं करून बघणं. दिशा बदलत जाणंही उपयोगी पडतं: मध्यम डिस्क आडवी फिरवली असेल तर बारीक डिस्क उभी. आधीचे ओरखडे गेले की राहिले ते लगेच ओळखू येतात. सुतारकाम करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

तिसरी म्हणजे दाब आणि उष्णता. कोरड्या डिस्कवर जोर देऊन घासलं तर रेझिन (कॉम्पोझिटमधला प्लास्टिकसारखा भाग) तापतं, मऊ होतं आणि पसरतं. चमकल्यासारखं दिसतं पण तो थर टिकत नाही. कडेला तर जास्त नुकसान होतं. फिलिंगभोवती जी बारीक पांढरी रेघ दिसते, ती बऱ्याचदा तिथलं एनॅमल तडकल्याची असते. कॉम्पोझिट क्युअर होताना आकाराने साधारण २ ते ३ टक्के आकुंचन पावतं आणि कडेला ताण देतं. त्यावर आपण कोरडा, जोरकस बर फिरवला की एनॅमलच्या कडेचा कण उडतो. पाणी चालू ठेवा, हात हलका ठेवा आणि डिस्क फिलिंगवरून दाताकडे न्या. रेघ आली असेल तर ती घासून जात नाही, उलट रुंद होते. ती एच करून (आम्ल लावून) पातळ बाँडिंग किंवा सीलंट झिरपवलं तर बऱ्यापैकी मिटते.

चौथी गोष्ट, वरचा कच्चा थर. हवेतला ऑक्सिजन क्युअरिंगला अडवतो, म्हणून उघड्यावर क्युअर केलेल्या कॉम्पोझिटचा वरचा अगदी पातळ थर चिकट, अर्धवट राहतो. मायलर स्ट्रिप (पारदर्शक प्लास्टिकची पट्टी) दाबून क्युअर केलं तर पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत येतो आणि तो तसाच ठेवायचा मोह होतो. मीही ठेवत असे. पण त्या थरात रेझिन जास्त आणि फिलर (आतले कठीण बारीक कण) कमी असतं. तो मऊ असतो, लवकर झिजतो, हळद आणि चहा लवकर ओढतो. शेवटच्या थरावर ग्लिसरीन जेल लावून पुन्हा एकदा लाईट द्यायचा आणि मग थोडं खरवडून पॉलिश करायचं, हेच बरोबर.

मटेरियलही बघायला हवं. राफेल बोवेन यांनी १९६२ मध्ये बिस-जीएमए रेझिनचं पेटंट घेतलं, त्यानंतरच्या सुरुवातीच्या कॉम्पोझिटमध्ये क्वार्ट्झचे कण दहा-वीस मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे असायचे. कण कठीण, रेझिन मऊ. घासलं की रेझिन झिजायचं, कण वर यायचे, मग उखडून खड्डे राहायचे. ते कधीच पॉलिश व्हायचे नाहीत. मायक्रोफिल प्रकारात कण ०.०४ मायक्रोमीटरवर आले आणि चमक टिकू लागली, पण ते मटेरियल ताकदीला कमी. मोठे-बारीक कण मिसळलेले हायब्रिड मधल्या वाटेचे. २००० नंतर आलेल्या नॅनो कणांच्या मटेरियलमध्ये एखादा कण उखडला तरी खड्डा उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा लहान राहतो, म्हणून चमक बरी टिकते. दाढांसाठी आणलेली जाड कणांची ट्यूब संपवायची म्हणून पुढच्या दातात वापरू नका. ती पहिल्या दिवशी चमकेल आणि दोन-तीन महिन्यांत मंद होईल, मग तुमचा हात कितीही चांगला असो.

आणि सोलापूरचा उन्हाळा. पारा ४० च्या वर असताना एसी बंद पडला की ट्यूबमधलं कॉम्पोझिट सैल होतं, हत्याराला चिकटतं, ओढलं जातं आणि आत हवेचे बुडबुडे राहतात. डिस्क फिरवली की ते उघडे पडतात. आधी त्यांत पॉलिशची भुकटी बसून पांढरे ठिपके दिसतात, मग चहा-तंबाखूने तेच काळे होतात. पेशंट म्हणतो कीड लागली. हा दोष पॉलिशने जात नाही. ठिपका बारीक बरने उघडून थोडं फ्लोएबल (पातळ, वाहतं कॉम्पोझिट) भरावं लागतं. उन्हाळ्यात ट्यूब फ्रिजमध्ये ठेवा, वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, आणि चिकटायला लागलं की जोर लावू नका, हत्यार पुसा.

ग्लास आयोनोमर या दुसऱ्या फिलिंग मटेरियलबद्दल थोडक्यात. लहान मुलांच्या दातात आणि हिरडीलगतच्या झिजेत आपण ते वापरतो, १९७२ पासून ते दंतवैद्यकात आहे, त्यातून फ्लोराईड सुटतं, आणि ते कॉम्पोझिटसारखं चमकणार नाही. त्याचे काचकण मोठे असतात. त्याच दिवशी कोरडं घासलं तर पृष्ठभागाला तडे जातात आणि खडूसारखा होतो. वार्निश लावून सोडा, किमान २४ तासांनी, ओल्यात, फिनिश करा. दिसण्याची फार अपेक्षा असेल तिथे ते वापरूच नका.

फार गुळगुळीत झालं तरी फसतं

हे जरा उशिरा कळलं. एकदा एका कॉलेजच्या मुलीचा दात मी आरशासारखा केला. ओल्यात जुळत होता, कोरड्यात जुळत होता, आणि तरी लांबून वेगळा दिसत होता. कारण शेजारच्या नैसर्गिक दातावर बारीक आडव्या रेघा होत्या, दोन उथळ उभ्या पन्हाळ्या होत्या. त्यांच्यामुळे तिच्या दातावरची चकाकी तुकड्या-तुकड्यांत फुटत होती आणि मी केलेल्या सपाट दातावर एकच मोठा पांढरा चट्टा चमकत होता. त्यामुळे तो दात रुंदही वाटत होता. तरुण दातांवर हे पोत ठळक असतं, वयाबरोबर झिजून सपाट होत जातं. आता मी शेजारच्या दातावर आर्टिक्युलेटिंग पेपर (चावा तपासायचा रंगीत कागद) आडवा घासतो. उंचवटे रंगतात, नकाशा मिळतो. तसे उंचवटे बारीक बरने आधी कोरायचे आणि मग डिस्कऐवजी रबर पॉइंट, बोकडाच्या केसांचा ब्रश आणि डायमंड पेस्ट यांनी पॉलिश करायचं, म्हणजे पोत राहतं आणि चमकही येते. डिस्क इथे पोत खाऊन टाकते.

घरी काय होतं

काही महिने चांगलं राहून मग मंद झालेलं फिलिंग आलं तर पेशंटला दोष देण्याआधी त्याचा ब्रश मागवा. केस बाहेर फुटलेला कडक ब्रश, कोळशाची पावडर, दात पांढरे करणारी खरखरीत पेस्ट, यांतलं काहीतरी सापडतं. आमच्या भागात बिड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या बऱ्याच बायका मिश्री लावतात. मिश्री जाळलेल्या तंबाखूची असते. ती घासतेही आणि डागही देते, आणि तोंडाला तिचा खरा धोका फिलिंगपेक्षा कितीतरी मोठा आहे. ते बोलायला फिलिंगच्या निमित्ताने जागा मिळते. रागावून कुणी सोडत नाही. "मावशी, हा दात एवढ्या मेहनतीने केला, तो टिकावा म्हणून सांगतो," असं म्हटलं की निदान ऐकतात, आणि त्यातून तोंडाची पूर्ण तपासणी करून घ्यायला तयार होतात.

हळदीचा पिवळेपणा पॉलिशनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत लवकर चढतो, तेव्हा तेवढे दिवस भाजी-आमटी बेताने, आणि चहानंतर चूळ. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश मी स्वतः लिहून देतो, पण दोन आठवड्यांच्या पुढे चालवला तर फिलिंगच्या कडा तपकिरी होतात. तो डाग वरचा असतो, पेस्टने निघतो. आणखी एक, ही डेंटिस्टसाठी: मुलांना आम्लधर्मी फ्लोराईड जेल लावताना तोंडात कॉम्पोझिट किंवा पोर्सिलेन असेल तर न्यूट्रल सोडियम फ्लोराईड वापरा. आम्लधर्मी जेल काचेच्या फिलरला खातं आणि चांगला पॉलिश केलेला पृष्ठभाग खडबडीत करतं.

झटपट उपाय म्हणून वरून लावायचं चकाकीचं लिक्विड मिळतं. लावलं की लगेच ओल्यासारखं दिसतं, कारण ते पाण्याचंच काम करतं: ओरखडे भरतं. पण थर पातळ असतो आणि घासण्याने काही महिन्यांत जातो. नीट पॉलिश केल्यावर वर एक हात म्हणून ठीक आहे. पॉलिशऐवजी नको.

खरंच काढायचं कधी

सगळ्या पायऱ्या नीट करून, एक दिवस थांबून, ओल्यात आणि कोरड्यात बघून तरीही रंग वेगळाच असेल तर शेड चुकली हे मान्य करायचं. तरीही सगळं फिलिंग काढायची गरज सहसा नसते. कडा घट्ट असतील, खाली कीड नसेल, तर वरचा साधारण अर्धा मिलिमीटर उतरवायचा. पृष्ठभाग जाड डायमंडने किंवा वाळूच्या फवाऱ्याने खडबडीत करायचा, एच करून धुवायचा, सिलेन (फिलरचे कण आणि रेझिन जोडणारं द्रव) लावायचं, बाँडिंग लावायचं आणि त्यावर योग्य शेडचा पातळ थर. एनॅमलला हात लागत नाही. खालचं जुनं कॉम्पोझिट आता फक्त पाया असतं.

केसपेपरवर मी आता शेडच्या नंबराशेजारी तीन गोष्टी लिहितो: शेड घेताना दात ओला होता का, शेवटची डिस्क कोणती फिरली, आणि कोरडं करून पाहिल्यावर काय दिसलं. सहा महिन्यांनी माणूस आला की आधी हे वाचतो, मग दिवा लावतो. मास्तरांच्या केसपेपरवर पुढच्या दोन तपासण्यांत बारीक आणि अतिबारीक डिस्क आणि पेस्ट एवढीच नोंद आहे. सुताची गाठ तोडायला त्यांनी खिशात छोटी कात्री ठेवली आहे.